नातेवाईक बाहेर

पंडरीतल्या घरून निघून दोघी पायीपायी तात्यापाऱ्यापर्यंत आल्या, तरी इंदूताई रिक्षाचं नाव घेईनात. ब्राह्मणपारा मोहल्ल्यात राहणाऱ्या धाकट्या भावाच्या, नरहरीच्या पायाची पट्टी बदलायला त्या एक दिवसाआड जात. शेजारची विजया मारुतीच्या दर्शनाला म्हणून सोबत असे. एरवी इंदूताईंची चाल अशी, की विजयाला मागून पळावं लागे. आज त्याच मागे पडत होत्या.

रस्त्यातल्या खड्ड्यात दोन माणसं गिट्टी-डांबर ओतून फावड्याने थोपटत होती.

"झाली पुन्हा मलमपट्टी," विजया म्हणाली. "एका पावसात उखडते का नाही पाहा."

"याले मलमपट्टी नको म्हणू बाई. वरवरच्या कामाले लोक हे नाव काहून देतात, मले समजत नाही. आधी धुवायचं. सडलेलं काढायचं, दुखलं तरी काढायचं. मलम मागून, अन् पट्टी सगळ्यात शेवटी."

सरकारी दवाखान्यात जखमा बांधता बांधताच इंदूताईंची नोकरी सरली. नवरा लवकर गेला. त्याच पगारावर मुलीला शिकवलं, उजवलं. हात असा हलका, की दुसरं कोणी पट्टी सोडायला आलं तर पेशंट पाय आखडून घेत. शिस्त मात्र एकच आणि कडक: पट्टी सोडायच्या आधी नातेवाईक बाहेर. त्यांनी तोंड वाकडं केलं की दुखणाऱ्याचा धीर सुटतो.

तीच शिस्त त्यांनी भावाच्या घरी नेली. शुगरमुळे नरहरीच्या पायाचा अंगठा चिघळला होता. इंदूताई आल्या की त्याची बायको शांता उदबत्ती लावून स्वयंपाकघरात जाई, मुलगा अनिमेष फोन घेऊन गच्चीवर. परत येत तेव्हा पायावर पांढरीशुभ्र पट्टी असे. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं, तर नरहरी म्हणाला, "माही ताई आहे ना."

विजयाने पिशवीतून पुडी काढली. "अंगारा आणला भाऊंसाठी. लावान का?"

"कपाळाले लावीन. जखमेले नको सांगू." इंदूताई हसल्या. मग पुडी घेऊन ती हातात तशीच धरून थांबल्या. "अंगठा काळा पडला, विजया. बाजूचं बोटही रंग बदलून राहिलं. आता अंगठा कापू दिला तर पाय राहील. परवा सांगितलं मी घरात. शांता म्हणे, पट्टी तर किती छान दिसते. अनिमेष म्हणे, बुआ, आप हो तो टेंशन काहे का."

मागच्याच आठवड्यात भाजीवाल्यापाशी विजयानेही कोणाला तरी सांगितलं होतं, की नरहरीभाऊंचा पाय सुधारला. पाहिली तर तिनेही पट्टीच होती.

"त्यायचं काय चुकलं?" इंदूताई म्हणाल्या. "मीच कोणाले पाहू दिलं नाही. नरहरीलेही म्हणते, तू तिकडे देवाच्या फोटोकडे पाह."

मारुतीचं देऊळ आलं. विजयाने सवयीने चपला काढायला पाय उचलला, तसा इंदूताईंनी तिचा हात धरला.

"आज दर्शन मागून कर. घरात चाल माझ्यासंग. मी पट्टी सोडली की दारात उभी राह्य. शांता उठेल, अनिमेष उठेल. कोणाले बाहेर जाऊ देऊ नको."

"ताई, मले रक्त पाहवत नाही. तुम्हाले माहीत आहे."

"माहीत आहे," इंदूताई म्हणाल्या. "तूही जाऊ नको."