माळवदावरची खापरं

दुष्काळाच्या त्या वर्षी बेंबळीच्या बाजूला एका सहकारी संस्थेला तेलगिरणी बांधायची होती. जागा गावाबाहेरची पांढर, म्हणजे कधीकाळी वस्ती असलेली जमीन. बांधकामाआधी तिथं जुनं काय शिल्लक आहे ते चाचणीचे खड्डे घेऊन पाहायचं, हे माझं काम. मी पुरातत्त्व खात्यात नवीन होतो. खणायला गावातल्याच चार बायका होत्या. त्यांना दुसरं काम नव्हतं.

शिल्लक फारसं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या गावानं तिथली पांढरी माती नेऊन आपल्या घरांच्या माळवदांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, घातली होती. गुडघाभर खणलं की खाली कोरी काळी माती लागायची. दोन खड्डे असेच गेल्यावर मी बायकांसमोर बोलून गेलो, "असंच निघालं तर काम आवरावं लागेल."

दुसऱ्या दिवशी टोपलीभर खापरं निघाली. काळी-तांबडी, घोटीव. मी हरखलो. दुपारी ती धुताना एका ढेकळात कडुलिंबाचा वाळका पाला दिसला. असा पाला माळवदाच्या मातीखाली अंथरतात.

"आत्या, ही कुठली?" सगळ्यांत वयस्कर बाईंना मी विचारलं.

"खड्ड्यातली."

"खड्ड्यात लिंबाचा पाला?"

बाकीच्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "सांगा की आता, आत्याबाई! काल माळवद कोण उकरत हुतं?"

आत्या हसल्या नाहीत. "माळवदावर तरी कुठनं आली? ह्याच पांढरीतली. आमच्या आज्यानं नेली, म्या परत आणली. त्यात खोटं काय हाय?"

"कोणत्या थरातून निघाली ते लिहावं लागतं, आत्या."

"मग ल्ह्या की, माळवदाच्या थरातनं! अजून थोडं दिस खणू द्या."

"गिरणी झाली की काम मिळेल."

"गिरणीत बाया घेत्यात व्हय?"

ती खापरं मी बाजूला काढली आणि अहवालात लिहिलं, वस्तीचे थर शिल्लक नाहीत, जागा द्यायला हरकत नाही. अहवाल बरोबर होता. आजही मी तो तसाच लिहीन.

पण काम संपल्याचं बायकांना सांगणं मी मुकादमावर ढकललं आणि तो त्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या सकाळी मी खड्ड्याभोवतीची सुतळी गुंडाळत होतो, तेव्हा त्या भाकरी बांधून आल्या. आत्यांनी खांद्यावरची कुदळ उतरवली.

"आज कुठं खणायचं?"

"आज नाही," मी म्हणालो.

"मग उद्या?"

मी सुतळी गुंडाळत राहिलो.