जेलच्या पुढचा स्टॉप

आमच्या शहरात मेट्रो येणार म्हणे. पेपरात तिचा नकाशा आला होता आणि प्रत्येक स्टेशनखाली तिथं काय बघावं तेही छापलं होतं. हर्सूलखाली लिहिलं होतं, तलाव आणि देवीचं देऊळ. तिथल्या जेलचं नाव नाही. वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बारावीत होते तेव्हा या रस्त्यावर सिटी बस धावायची, रेल्वे स्टेशन ते हर्सूल. क्रांती चौक, शहागंजचं घड्याळ, दिल्ली दरवाजा, सगळं मला खिडकीतून पाठ झालं होतं, कारण दर पंधरवड्याला आई मला घेऊन त्या बसनं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भेटायला जायची. दादा हर्सूलच्या जेलात होते. गावी, पाचोडला, शेताच्या बांधाच्या भांडणात काठी चालवली काकांनी आणि गुन्हा अंगावर घेतला दादांनी. वर काकांचाच हुकूम, घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे, कुठं बोलायचं नाही. आईनं तो मुकाट पाळला. जेलच्या स्टॉपवर ती कधी उतरलीच नाही. नारळाची पिशवी घेऊन पुढं देवीच्या स्टॉपवर उतरायची आणि पायी माघारी जेलवर यायची. मला तिचा भयंकर राग यायचा. कुणाला फसवत होती ती? देवीला?

मग दादांचं पत्र आलं, शुक्रवारी नाशिकच्या जेलात हलवणार. म्हणजे गुरुवारची भेट शेवटची. नाशिकला काका आईला जाऊ देणार नव्हते, हे आम्हाला ठाऊक होतं.

गुरुवारी बसमध्ये गल्लीतल्या एक मावशी भेटल्या. त्यांच्याही हातात नारळ. जेलचा स्टॉप आला तशी मी उठले. आईनं दंड धरून मला खाली बसवलं. देवळात मावशी आमच्या शेजारीच. नारळ फुटले, ओट्या भरून झाल्या, तरी त्या हलेनात. जेलात भेटीसाठी नावं घ्यायचं बंद होईल, असं मी आईच्या कानात दोनदा सांगितलं.

"त्यान्ला जाऊ दे आधी," ती म्हणाली.

शेवटी मीच तिला ओढत बाहेर काढलं. धावतपळत जेल गाठलं, तर खिडकीवरचा शिपाई म्हणाला, नावं घेणं बंद झालं. आईनं त्याच्यापुढं पदर पसरला. त्यानं मान खाली घालून खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात मागून धापा टाकत मावशी आल्या. त्यांचा मुलगा आत होता. बंद खिडकी बघून त्या मटकन खाली बसल्या.

"तुमी कवा जाताव म्हनून मी बसले व्हते, बाई," त्या आईला म्हणाल्या.

दोघींच्या पिशव्यांत फोडलेल्या नारळाची भकलं होती. मला इतका संताप आला की मी भर रस्त्यात आईवर ओरडले. मावशींना निदान पुढच्या खेपेला परत येता येणार होतं.

नाशिकहून महिन्यानं दादांचं पत्र आलं. गुरुवारी शेवटचं नाव पुकारेपर्यंत मी दाराशी उभा होतो, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एकच ओळ होती, तुम्हालाही माझी लाज वाटत असेल तर येऊ नका.