सुशीलाबाईंनी राखलेली दाढ

सुशीलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. आधी चूळ भरली, मग रडले... बाईंना हाच क्रम पटला असता. पुसदपासून तासाभरावरच्या आमच्या गावात त्यांनी उभी हयात अंगणवाडी चालवली. स्वतःच्या तोंडात मोजून चार दात, आणि जीव सारा दुसऱ्यांच्या लेकरांच्या दातांत!

आमची ओळख भांडणातूनच वाढली. माझी परी तेव्हा चार वर्षांची. कापूस वेचायला जाताना मी तिला वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या पळसाखाली बसवायची आणि फडक्यात गुळाचा खडा बांधून चोखायला द्यायची. माझ्या आईनं मला तसंच वाढवलं होतं. पोर गप्प, वेचणी सुरू, आणखी काय पाहिजे? पण परीचे पुढचे दात काळे पडले, दाढेला खड्डा पडला, ती एकाच बाजूनं चावू लागली. सासूबाई म्हणाल्या, दुधाचे दात, पडायचेच आहेत. मलाही ते सोयीचं वाटलं. एके दिवशी परीनं अंगणवाडीतली खिचडी तशीच ठेवली आणि बाई थेट आमच्या वावरात. फडकं उचलून त्यांनी वास घेतला.

"दिवसभर गूळ चोखवतं तिले? अवं, जेवणासंगं दे अन् तोंड धुव. ही दाढ अकराव्या वर्षापर्यंत राह्यली पाह्यजे, नाही तं तिच्याखालची पक्की दाढ वाकडी निघते."

मी भडकले. तुम्हाला ना लेकरू ना वेचणी, बोलायला काय जातं, असं तोंडावर म्हटलं. ते वाक्य मला अजून सलतं. बाई निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचं पातळ नेसून दारात हजर. चला पुसदला.

दवाखान्यातली खुर्ची पाहून परीनं भोकाड पसरलं. मग बाईच खुर्चीवर चढल्या, आ वासला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, आधी माझे मोजा. डॉक्टरांनी गंभीरपणे चार मोजले. बाई म्हणाल्या, नीट पाहा, मागं एखादा लपला असंल. परी रडायचं विसरून पाचवा शोधायला डोकावली! तिच्या दाढेतली कीड साफ झाली, वर स्टीलची टोपी बसली. टोपी दाढेसोबतच पडेल, दाढेची वेळ आली की. तोवर राखायचं काम तुझं, असं बाईंनी मला बजावलं.

काम म्हणजे सकाळी आणि झोपताना ब्रश मी स्वतः फिरवायचा, पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, आणि झोपतानाच्या ब्रशनंतर दूधसुद्धा नाही. बाई भेटल्या की 'कशी हायेस' नाही, 'आ कर'. लग्नाच्या पंगतीतही सोडलं नाही. परीही टोपी दाखवत मिरवायची.

बाईंना जाऊन महिना झाला. परवा अकरा वर्षांच्या परीनं शाळेतून येऊन मूठ उघडली... दाढ, टोपीसकट! मी बाईंना दाखवायला म्हणून चप्पल घातली, आणि मग आठवलं.

आमच्याकडे पडलेला दात घरावर फेकतात. परी म्हणाली, आपल्या नाही, बाईंच्या. बाईंचं घर टिनाचं. दाढ खणखणत पार वळचणीपर्यंत गेली. बाईंचे यजमान, नाना, आवाज ऐकून बाहेर आले. महिनाभर ते कुणाशी धड बोलले नव्हते. परीनं त्यांच्यासमोर आ केला. चष्मा सावरून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं, आणि एकदम हसले.

मग वर टिनाकडे पाहत म्हणाले, "ऐकलं का वं? खालची पक्की दाढ सरळ निघून राह्यली."