मागच्या दाराचा धूर

"ऊठ गं. उभी राहा. सगळ्यांना दिसू दे."

आसं म्हणून मालकीणबाईनं मला उभं केलं. कडंवर पोरगी. पोरगी खोकत हुती. खाली बेदाणा निवडणाऱ्या सगळ्या बाया बसलेल्या. म्होरं खुर्चीवर तालुक्यावरनं आलेली डॉक्टरीणबाई, तिच्या शेजारी मालकीणबाई. तिला आमी वैनी म्हणायचो. आन् मधी मी, पोरीसंगट, उभी.

झालं आसं हुतं. मालकांनी शेडवर आरोग्य शिबिर घेतलं हुतं. मागं फ्लेक्स, त्यावर मालकांचा हात जोडलेला फोटो. डॉक्टरीणबाईनं इचारलं, तान्ह्या लेकराला अंघोळ घातल्यावर धुरी कोण कोण देतं? निखाऱ्यावर ओवा, लसणाची सालं टाकून? मी लगीच हात वर केला. मला वाटलं, शाबासकी मिळंल. आमच्यात लेकराची धुरी चुकवली तर आईला आळशी म्हणत्यात. खोकला झाला की आणखी जास्त द्यायची, दार लावून. मी कवाच चुकवली न्हवती. बाकीच्या बाया माझ्यापेक्षा शहाण्या. सगळ्याच देत हुत्या, हात कुणीच वर केला न्हाई.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाली, "अशा आयांमुळेच मुलांना न्यूमोनिया होतो."

बाया हसल्या. माझ्याच शेजारी बसून जेवणाऱ्या बाया. वैनी म्हणाली, "किती सांगायचं या लोकांना. अडाणी ते अडाणीच."

तो ओवा वैनीनंच दिला हुता. सोताच्या हातानं, कागदात बांधून. म्हणली हुती, आमच्या बाळालाबी देतोय, तू बी दे, कफ सुटतो. तिच्या नातवाची आन् माझ्या शिवन्याची उमर सारखीच. मी उभी राहून वैनीच्या तोंडाकडं बघत हुते. आता बोलंल, मग बोलंल. ती पदर सारखा करत बसली. माझंबी तोंड शिवल्यालं. मालकिणीला चारचौघीत खोटं पाडायचं म्हंजे उद्याचं काम गेलं. लय राग आला. गिळला. खाली बसले.

आमी जतकडची. सासऱ्याच्या वक्ताला मेंढरं हुती, आता खडकाळ रानाचा तुकडा हाय, पाऊस झाला तर बाजरी. म्हणून द्राक्षाचा हंगाम आला की आमी नवराबायको कुंडलच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर जायचो. राहायला मालकाची पत्र्याची खोली. द्राक्षं जाळीवर सुकवायची, सुकली की झाडायची, बायांनी बसून निवडायची. आन् बेदाण्याला पिवळा रंग चढावा म्हणून एका बंद खोलीत गंधक जाळून त्याचा धूर द्यायचा. त्या खोलीला दोन दारं. एक म्होरं, निवडायच्या जागेकडं. तिथं व्यापारी येत्यात, मालकांची खुर्ची आसती. दुसरं मागं, आमच्या खोल्यांकडं. गंधक जळून झालं की धूर कुठल्या दारानं सोडायचा, हे कुणी कुणाला सांगायला लागत न्हाई.

तो धूर दिसायला काय न्हाई. पातळ. पण नाकात झोंबतो, डोळ्यातनं पाणी काढतो, घशात मिरची ठेवल्यावाणी हुतं. मोठी माणसं पदर तोंडाला लावून बसत्यात. शिवन्या खोलीत साडीच्या झोळीत. मी तिला संगट घिऊन निवडायला बसायचे आधी. पण ती खोकाय लागली तशी वैनी म्हणली, मालावर खोकतीया, व्यापारी बघत्यात, मागं नेऊन निजीव. म्हणून मागं.

आता खरं ते सांगते. डॉक्टरीणबाई धुरीचं खोटं बोलली न्हवती. धुरानं लेकराची छाती भरती. तिचं बोलणं मला लागलं, पण मी ते पाळलं. त्याच सांजेला शेगडी उचलून बाहेर ठेवली. सासूनं फोनवरनं लय शिव्या घातल्या, म्हणली डॉक्टर काय पोरं वाढवायला येणार हाय का. मी ऐकलं न्हाई. चूलबी दारातनं उचलून लांब बाभळीखाली मांडली. अंगावरचं दूध चालूच हुतं. सुया सगळ्या टोचलेल्या. कुणाला पडसं झालं तर त्याला पोरीला घिऊ द्यायचे न्हाई. नवऱ्याच्या मैतराला सांगितलं, बिडी वढायची तर रस्त्यावर जा. नवरा म्हणला, लय शिकलीस गं. व्हय, शिकले. शिबिरात उभं करून शिकवलंय मला.

एवढं करून खोकला काय हटंना. चार दिस बरी, की पुन्हा. हंगाम भरात आला, गंधक रोज जळाय लागलं, आन् पोरगी रोज जास्त.

एका सकाळी ती छातीला लागंना. तोंड लावायची आन् सोडायची. दूध प्यायचं का श्वास घ्यायचा, दोन्ही जमंना तिला. अंगडं वर केलं तर बरगड्यांच्या खाली खड्डा पडत हुता, दर श्वासाला. नवऱ्यानं मोटरसायकल काढली. मी मागं, पोरगी पदरात गच्च. शहरात, विश्रामबागेतल्या लेकरांच्या दवाखान्यात येईस्तवर मी वाटभर तिच्या नाकाखाली बोट धरून हुते.

तिथल्या डॉक्टरनं तिला लगीच आत घेतलं, नाकाला नळी लावली. मग मला इचारत बसला. घरात चूल हाय का? म्हणलं, बाहेर. बिडी-सिगारेट? न्हाई. धुरी देता? बंद केली. बाटलीनं दूध पाजता? न्हाई. लस? दिली. त्यानं पेन खाली ठेवला आन् माझ्याकडं बघितलं.

"मग असं कसं होईल? बाई, तुम्ही काहीतरी लपवताय."

नर्स बघत हुती. बाजूच्या पलंगाजवळची आई बघत हुती. मी काय लपवत हुते? मला काय ठावंच न्हवतं. गंधकाचं मला सुचलंच न्हाई. चुलीचा धूर तो धूर. धुरीचा धूर तो धूर. कामाच्या जागचा धूर म्हंजे कामच की. त्याला कोण धूर म्हणतं? जो धूर भाकरी देतो त्याला नाव ठेवायची आमच्यात रीत न्हाई. आन् डॉक्टरनंबी इचारलं न्हाई, बाई, तुमची खोली कुठं हाय, तिच्या मागं काय हाय. त्याला वाटलं सगळा दोष घरातच आसणार. आईच्याच हातात आसणार.

शिवन्या वाचली. श्वास लागला की छातीत शिट्टी वाजायची ती तेवढी ऱ्हायली. डॉक्टर म्हणला जपा. आमी तिला घिऊन पुन्हा शेडवरच गेलो. जाणार कुठं? भांडी तिथं, काम तिथं.

आमी पोचलो त्याच दिवशी दुपारी वैनीच्या नातवाची तुला हुती. वैनीनं नवस बोलला हुता, पहिल्या वाढदिवसाला बाळाला बेदाण्यानं तोलायचं. शेडच्या अंगणात जुनी तागडी टांगली हुती, झेंडूचे हार लावून. एका बाजूला नवा माल भरून ठेवल्याला. दुसऱ्या बाजूला बाळाला बसवायची गादी. सगळ्या बाया हात धुऊन थांबल्या हुत्या.

गड्यानं नेमकं त्याच वक्ताला मागचं दार उघडलं. वारं उलटं हुतं. धूर आमच्या खोल्यांवरनं वळून अंगणात आला. आन् रस्त्यावरनं मालकांची गाडी आत वळली, सून मागं बसलेली, मांडीवर बाळ.

मालक धावले. मी त्या माणसाला कवा धावताना बघितलं न्हवतं. दोन्ही हात वर करून वरडत गेले.

"काच वर घे! गाडी फिरव माघारी! गंधक सोडलंय, बाळाच्या छातीत जाईल!"

गाडी जागच्या जागी फिरली. तुला नंतर गावात, घरी करायची ठरली. हार लावलेली तागडी तिथंच हलत ऱ्हायली.

मी खोलीच्या दारात उभी. कडंवर शिवन्या. तोंडावर पदर घालून तिला धरल्याली. त्याच धुरात. मालक माझ्या बाजूनं माघारी आले, माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

म्हंजे ठावं हुतं. माझ्या डोक्यात तेवढंच. ह्यांना ठावं हुतं. डॉक्टरांना ठावं न्हवतं, मला ठावं न्हवतं, पण ह्यांना सगळं ठावं हुतं. छातीत जातं. बाळाच्या. मला शिबिरात उभी केली तवाबी ठावं हुतं. पोरीला मागं निजीव म्हणली तवाबी.

सांजेला वैनी परसाद घिऊन आली. तुलेचा बेदाणा. शिवन्याच्या मुठीत घालाय लागली. मी पोरीची मूठ उघडली, बेदाणा काढला आन् वैनीच्या ताटात परत टाकला.

म्हणलं, "आवं वैनी, तुमच्या बाळाच्या छातीत जातंय, ते माझ्या पोरीच्या छातीत जात न्हाई व्हय?"

तिला राग आला न्हाई. तेच मला जास्त लागलं. ती सहज म्हणाली, "तुमच्या पोरांना सवय आसती गं."

सवय. बरगड्या आत वढत हुत्या ती सवय. नाकात नळी ती सवय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ह्या टायमाला राग गिळला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीतली झोळी सोडली. शेडच्या म्होरल्या बाजूला नेली आन् मालकांच्या खुर्चीसमोरच्या खांबाला बांधली. शिवन्याला आत निजवलं. खाली बसले. बेदाण्याला हात लावला न्हाई. बाया बघाय लागल्या. नवरा आला, दबक्या आवाजात म्हणला, येडी झालीस का. मी म्हणलं, झाले.

मालक आले. व्यापाऱ्याची गाडी यायची हुती.

"झोळी काढ."

"मागचं दार बंद करा. मग काढते."

"झोळी काढ, न्हाई तर खोली सोड."

मी काढली न्हाई. बायांकडं बघितलं. एक म्हातारी, माझ्या शेजारी निवडायला बसायची ती, उठली आन् झोळीजवळ यिऊन बसली. बाकीच्यांनी मान खाली घालून हात चालू ठेवलं. मी त्यांना दोष देत न्हाई. शिबिरात मीबी राग गिळून खालीच बसले हुते. पण मला रडू आलं ते त्यांच्यामुळंच.

खोली गेली. दुपारी भांडी पोत्यात भरली. नवऱ्यानं पोतं मोटरसायकलला बांधलं.

आता आमी कुपवाडला हाय. नवरा एका कारखान्यात, मी बिस्किटाच्या पाकिटाच्या कामाला. खोली बघाय गेले तवा घरमालक नळ दाखवत हुता, लाइट दाखवत हुता. मी मागच्या खिडकीतनं बघितलं. पलीकडं भट्टीचं धुराडं. इचारलं, आवं, तुमी तुमचं नातवंड हितं निजवाल का? तो हसला. मी पुढच्या घरी गेले. लय घरं फिरले. नवरा वैतागला. पण खोली मिळाली ती वाऱ्याच्या अंगाला, उजेडाची. शिवन्याच्या छातीतली शिट्टी आजूनबी वाजती. थंडीत जास्त. ती पळाय लागली की मी खेळ थांबवून ऐकते.

हंगाम पुन्हा आलाय. त्या म्हातारीचा फोन आला हुता. मागचं दार तसंच उघडतंय. आमच्या खोलीत आता आटपाडीकडची एक पोरगी हाय, पहिलटकरीण, मांडीवर तान्हं. शिबिरबी झालं म्हणली, फ्लेक्स लावून. तिथं त्या पोरीलाबी धुरीवरनं झापलं. गंधकाचं कुणी काय बोललं न्हाई.

सुट्टीच्या दिवशी मी जाऊन तिला भेटले. बाळ खोकत हुतं. तो खोकला मी डोळे मिटून वळखते. तिला सगळं सांगितलं. चूल लांब मांड, धुरी बंद कर, आन् त्या दाराचंबी सांगितलं. ती भ्याली. म्हणली, मालक खोली काढून घेतील. म्हणलं, व्हय, घेतील. माझी घेतली. मी तिला खोटं सांगितलं न्हाई.

तिनं खोकणारं बाळ खांद्यावर घेतलं. मग म्हणली, "तुमी आसाल न्हवं संगट?"

येत्या सुट्टीला मी जाणार हाय. शिवन्याची जुनी झोळी घिऊन. त्याच खांबाला, मालकांच्या खुर्चीसमोर, त्या पोरीचं लेकरू निजवणार. म्हातारी येणार हाय, आणखी दोघी येतो म्हणल्यात. नाय आल्या तरी मी हाय. व्यापाऱ्यांच्या म्होरं मालकांना एकच गोष्ट करायला सांगणार हाय. नातवाला आणा, आन् मागं आमच्या त्या खोलीत निजवा. गंधकाचं मागचं दार उघडं ठिवून. तवर झोळी निघणार न्हाई.