लिंबाखालची पंगत

नगरच्या बोर्डिंगात आम्ही दोघी मैत्रिणी एका ताटात जेवायचो. तिचे आजोबा एका जातीतून ख्रिस्ती झालेले, माझे दुसऱ्या. पण प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्याला सगळेच ओठ लावायचो, तेव्हा जात गेली असंच मी धरून चालले होते. मूर्ख कुठली!

तिचं लग्न बेलापूरजवळच्या तिच्या गावी लागलं. पांढऱ्या पातळात ती उभी होती आणि मी पेटीवर गीत गात होते. उपासना अशी रंगली की अंगावर काटा आला. "ख्रिस्तात आपण सगळे एक," पाळकसाहेब म्हणाले. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आताच सांगा." देवळात कुणी हूं की चूं केलं नाही.

मांडवात पानं मांडली. आईला घेऊन मी नवरीशेजारी बसले, तोच तिचे मामा वाकून म्हणाले, "बाई, तुमी तिकडं बसा. तुमच्या लोकांची पंगत लिंबाखाली हाय."

मी मैत्रिणीकडं पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मान खाली घालून पानातली बुंदी बोटानं सारखी करत राहिली.

आई उठली. "चल," ती म्हणाली, "देवाचं झालं, आता माणसांचं."

आम्ही लिंबाखाली जाऊन बसलो. मांडवातून जेवणाआधीची प्रार्थना ऐकू आली आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. हरकत विचारायची वेळ खरं तर ही होती. पण विचारणारा पहिल्या पंगतीत जेवायला बसला होता.