गफ्फारभाईंच्या गाडीच्या कमानी

मंडळी, आज वरवट बकालला जाऊन आले. मन अजून तिथेच आहे.

बाबा मला ज्या गाडीतून कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सोडायला यायचे, ती जुनी अॅम्बेसेडर मागच्या चाकांच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, तुटल्यापासून दारात उभीच होती. बाजारात स्वस्त कमानी मिळाल्या त्या तकलादू, चांगल्या होत्या त्या परवडेनात. मुलगा म्हणाला, "आई, आता भंगारात देऊ."

मग मेकॅनिकने वरवट बकालच्या गफ्फारभाईंचं नाव सुचवलं. त्यांचीही तशीच गाडी, इंजिन गेलेली, पण कमानी शाबूत. आज मेकॅनिकला घेऊन त्यांच्याकडे गेले. भाव त्यांनी बेताचाच सांगितला. मेकॅनिकने पाना काढला, तसा त्यांनी बोनेटवर हात ठेवला.

"ताई, गावच्या साऱ्या पोरी याच गाडीत सासरी गेल्या. आता माह्या नातीचं लगन हाय, अन् गाडी बंद."

मी म्हटलं, "मग राहू द्या, भाऊ."

"राहू काऊन द्या? कमानी न्या. फक्त तिच्या बिदाईले तुमची गाडी आना. चालवीन मीच."

बाबांनंतर ते स्टिअरिंग मी कुणा परक्याच्या हाती दिलेलं नाही. आज मात्र लगेच हो म्हटलं.

तुम्हीही दिलं असतं ना?