ओटीतले गहू

गव्हाचे चार दाणे सांडलेले दिसले की ती घटना मला आजही आठवते. नव्वदच्या दशकात मी बारामतीला फौजदार होतो. कारखान्यांच्या तपासणीसाठी सरकारने आमच्या भागात पहिल्यांदाच एका बाईंना नेमलं होतं. त्या स्वतः जीप चालवत एमआयडीसीत यायच्या. त्या आत शिरताना मालक लोक गालात हसत आणि बाहेर पडल्या की घाम पुसत.

एका कारखान्यात यंत्राची संरक्षक जाळी काढून काम चालायचं. तिथे सणसरच्या एका मुलीची बोटं गेली. मालकाच्या धाकाने घरच्यांनी तिला कुठेतरी लपवलं. तिच्या जबाबाशिवाय खटला उभा राहत नव्हता. बाई तिला शोधायला निघाल्या, तेव्हा सुपरवायझरने त्यांना चारचौघांत दम भरला.

दुसऱ्या दिवशी सणसरहून खबर आली: सरकारी जीप उसात उभी आहे, आत कोणी नाही, सीटवर रक्त आहे. जाऊन पाहिलं तर सीटवर लाल डाग आणि खाली गहू सांडलेले. पंचनामा उरकला आणि सुपरवायझरला ठाण्यात आणून बसवलं.

दरडावण्याआधी चहा पाजायचा, हा माझा शिरस्ता. दुसऱ्या कपाला गडी रडायला लागला. बाईंच्या मागावर गेल्याचं त्याने कबूल केलं. "पर सणसरच्या बायांनी वाटंतच आडवलं, सायेब. म्हनल्या, बाईंची ओटी भरली, त्या कवाच गेल्या."

आमच्याकडे ओटी गव्हानेच भरतात. म्हणजे तो डाग कुंकवाचा होता. पण बाई गेल्या होत्या, तर जीप मागे कशी राहिली? बाया याच्याशी साफ खोटं बोलल्या होत्या.

पुन्हा सणसर गाठलं. बाईंची ओटी ज्या आजीने भरली होती, तिने आधी मला नीट निरखलं. मग म्हणाली, "त्या सुपरवायझरची फटफटी दिसली तशी आमी बाईला जीपमधनं वढली आन् उसातनं बैलगाडीत घातली. लासुर्ण्याला हाय, पोरीच्या मावशीकडं. वटी भरल्याली लेक हाय ती आमची. अशी कुनाच्या हाती देतो व्हय?"

लासुर्ण्यात बाई बाजेवर बसून जबाब लिहीत होत्या. पदराला उरल्या गव्हाची गाठ तशीच होती. त्यांना धडधाकट पाहिलं आणि मी उंबऱ्यातच बसलो. इतकं हायसं मला उभ्या नोकरीत वाटलं नाही. मान वर न करता त्या म्हणाल्या, "जरा थांबा साहेब. हिचा अंगठा तेवढा शाबूत आहे, तो उठवून घेते."

त्या अंगठ्यावर खटला उभा राहिला आणि यंत्रांवर जाळ्या परत बसल्या. सरकारी माणसाला गाव कधी आपलं म्हणतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाई कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, म्हणून बाया त्यांच्यासाठी आडव्या उभ्या राहिल्या. आम्ही पोलीस पोहोचलो तेव्हा आमच्यासाठी राखणीचं काही काम उरलंच नव्हतं.